मदत खात्यांना, भार पंचायतींना

बंगालच्या उपसागरात उठलेले वादळी न्यूनदाबाचे क्षेत्र ऑक्टोबर २०२० मध्ये तेलंगणमार्गे सोलापूर, इंदापूर, बारामतीपर्यंत येऊन कोसळले, तेव्हा राज्य शासनाने १०,००० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्यात शेती व घरांसाठी ५,५०० कोटी, रस्ते-पुलांसाठी २,६३५ कोटी, तर ग्रामीण रस्ते व पाणीपुरवठा मिळून १,००० कोटी होते. शेतकऱ्याला हेक्टरी १०,००० रुपये, तेही दोन हेक्टरांच्या मर्यादेत. ही मदत तुटपुंजी होती, हे सर्वांनीच म्हटले. पण त्या वाटणीत ग्रामपंचायत कोठे होती, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही.

इंदापूर तालुक्यातील वरकुट्यासारख्या गावात वादळानंतरच्या पहिल्या सकाळी मंत्री येत नाहीत, खातेही येत नाही. बुजलेली गटारे उपसणे, मेलेली जनावरे पुरणे, गढूळ विहिरीत टी.सी.एल. पावडर टाकणे, हे सारे पंचायतीच्या अंगावर पडते. तिच्या तिजोरीत काय असते? घरपट्टी आणि पाणीपट्टी, आणि तीही नेमकी याच वर्षी थकते. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ च्या अनुदानातील ६० टक्के निधी पिण्याचे पाणी व स्वच्छता यांना बांधलेला होता. कोसळलेले समाजमंदिर वा वाहून गेलेला शिवरस्ता उरलेल्या ४० टक्क्यांत, मंजूर आराखड्यातील इतर कामांच्या पोटात कोंबायचा!

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यातील विसंगती तर बोलकी आहे. कलम ४१ मदत व पुनर्वसनाचे कर्तव्य स्थानिक संस्थांवर टाकते. कलम ४८ निधी मात्र राज्य आणि जिल्हा या दोनच पातळ्यांवर उभारते. २०२५ च्या दुरुस्तीने राजधान्यांसाठी व महापालिका असलेल्या मोठ्या शहरांसाठी स्वतंत्र प्राधिकरणांची सोय केली. गावांच्या पदरी काहीच पडले नाही.

जिल्हा प्राधिकरणात जिल्हाधिकाऱ्यांच्या बरोबरीने लोकनियुक्त सहअध्यक्ष असावा, असे हाच कायदा सांगतो. पण मे २०२५ च्या अखेरीस बारामती-इंदापुरात अतिवृष्टी झाली, पिंपळी-लिमटेक येथे नीरा डावा कालवा फुटला, त्या वेळी पुणे जिल्हा परिषदेत एकही निवडून आलेला सदस्य नव्हता. मार्च २०२२ पासून तेथे प्रशासकाचे राज्य होते. म्हणजे आपत्तीच्या घडीला नोकरशाहीने नोकरशाहीशीच सल्लामसलत केली.

पंचायतींच्या हाती पैसा गेला की तो खाल्ला जाईल, हा आक्षेप जुना आहे, आणि तो बहुधा खात्यांच्या कचेऱ्यांतूनच येतो. सरपंचाला निदान ग्रामसभेत हिशेबासाठी उभे करता येते. कार्यकारी अभियंत्याला वरकुट्याचा शेतमजूर कोठे गाठणार? डॉ. लोहियांच्या चौखंभा राज्यात सरकारी खर्चाचा चौथा हिस्सा गाव, शहर व जिल्हा पंचायतींमार्फत व्हावा, अशी मागणी होती. तेवढे दूर राहो. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतील ठरावीक वाटा पावसाळ्यापूर्वीच प्रत्येक ग्रामपंचायतीच्या खात्यात हक्क म्हणून जमा व्हावा आणि त्याचा हिशेब ग्रामसभेने तपासावा, एवढा ठराव तरी कार्यकर्त्यांनी येत्या ग्रामसभांत मांडून घेतला पाहिजे.