छत तापतंय, पण अनुदान फक्त सोलरला! पत्र्याच्या घरांचं काय?

पुणे : एप्रिल लागला की पत्र्याखाली दुपारी बसवत नाही. मुळशी-भोरची वाडी असो नाहीतर पुण्यात पर्वतीच्या पायथ्याची जनता वसाहत, गाऱ्हाणं एकच. पंखा लावला तर तो वरची गरम हवाच खाली ढकलतो. मग घर गार ठेवायला सरकार काही देतं का?

वीज तयार करायला देतं. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत 1 किलोवॅटला 30 हजार, 2 किलोवॅटला 60 हजार आणि 3 किंवा त्याहून जास्त किलोवॅटला 78 हजार रुपये मिळतात. सौरऊर्जा, पावसाचं पाणी साठवणं-जिरवणं, गांडूळखत असे प्रकल्प चालवणाऱ्या मिळकतींना पुणे महापालिका करात 5 ते 10 टक्के सवलत देते. पण पत्र्याला पांढरा रंग दिला किंवा खाली सीलिंग मारलं, तर या दोन्हीत काही नाही.

इथंच खरी अडचण आहे. सोलरला स्वतःचं छत लागतं, आधी खर्च करावा लागतो, अनुदान नंतर खात्यात येतं. गावातून कामासाठी शहरात आलेला भाडेकरू यात बसतच नाही. उकाडा मात्र सगळ्यात जास्त त्यालाच.

नियमही आहेत. छत-भिंतीतून किती उष्णता आत यावी, याचे निकष केंद्राच्या इको निवास संहितेत 2018 पासून आहेत. पण ते नव्या, मोठ्या इमारतींसाठी. तेलंगणाने 2023 मध्ये गार छतांचं वेगळं धोरण केलं, 2028 पर्यंत 300 चौरस किलोमीटर छतांचं उद्दिष्ट ठेवलं. अहमदाबादेत वस्त्यांमधल्या छतांना पांढरा रंग देण्याची मोहीम झाली.

तोवर घरच्या घरी काय जमेल? गंजलेला पत्रा ऊन शोषतो, पांढरा पृष्ठभाग ते परतवतो. म्हणून पत्रा घासून त्यावर पांढरा रंग किंवा चुना द्यायचा. चुना पावसात धुऊन जातो, दर उन्हाळ्याआधी पुन्हा द्यावा लागतो. सीलिंग मारलं तर पत्रा आणि त्याच्यामध्ये हवा खेळती ठेवावी. साधा थर्माकोल टाळावा, तो झटकन पेट घेतो.

सोलरसाठी करात सवलत देता येते, तर पांढऱ्या छतालाही घरपट्टीत थोडी सूट का नको? ग्रामसभेत हा विषय मांडायला कुणाची आडकाठी नाही.