ही विरक्ती नव्हे, माउली



सप्ताहाच्या मांडवात पुंडलिकाचे आख्यान लागले की श्रोते डोळे पुसतात. आईबापांची सेवा चालली आहे म्हणून देवाला विटेवर उभे करणारा तो मुलगा सगळ्यांनाच आपला वाटतो. माझा प्रश्न त्या डोळे पुसणाऱ्यांनाच आहे. गेल्या सहा महिन्यांत तुमच्या आईच्या गळ्यातली माळ खाली लोंबू लागली आहे का? बाबांच्या हातातले कडे कोपरापर्यंत सरकते का? पाहिलेत कधी?

आपल्या कर्जत-खालापुरात सध्या एक वाक्य घरोघर ऐकू येते. "आबा आता विरक्त झालेत, त्यांचं कशात मन नाही." आबा अर्धी भाकरी टाकतात, काकड्याला येत नाहीत, लावणीच्या दिवसांत बांधावर येऊन बसायचे तेही सोडले. आणि आपण त्याला वैराग्याचे नाव देऊन मोकळे होतो. मला याचा राग येतो. वैराग्य इतके स्वस्त नाही. विरक्ताची आसक्ती सुटते, त्याची भूक मरत नाही, आणि चित्त तर प्रसन्न असते. कवळी हिरडीला टोचते म्हणून भाकरी टाकणारा विरक्त कसा? ऐकू येत नाही, चारचौघांत फजिती होते म्हणून गप्प बसणारा मौनी कसा? ज्ञानेश्वरी शके 1212 ची. तिच्या तेराव्या अध्यायात माउलींनी म्हातारपण एकेका अवयवातून उभे केले आहे. ते स्वतःच्याच देहात आधी ओळखून ठेवा, असा तिथला रोख आहे. ऐन तरुण वयात त्यांना जे इतके बारकाईने दिसले, ते आपल्याला ओटीवर समोर बसलेले असून दिसत नाही.

दुसरी फसगत हरिपाठाची. "बाबांचा हरिपाठ अजून तोंडपाठ आहे, त्यांच्या डोक्याला काय झालंय?" असे मुले मलाच विचारतात. अहो, बाळपणी घोटलेले पाठांतर फार उशिरापर्यंत टिकते. स्मृतिभ्रंशात आधी जाते ते सकाळचे आणि कालचे. तेव्हा हरिपाठावरून परीक्षा घेऊ नका. वाण्याचे पैसे दोनदा दिले जातात का, डाळ वरचेवर करपते का, रोजच्या वाटेवर चुकायला होते का, हे पाहा. रक्तदाबाच्या गोळ्यांचे पाकीट उघडून मोजा. महिन्याच्या हिशेबात गोळ्या उरल्या असतील किंवा आधीच संपल्या असतील, तर काय ते कळेल. आपल्या देशात साठीपुढच्या शंभरांतल्या सुमारे सात जणांना, म्हणजे जवळपास 88 लाख लोकांना, स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज 2023 साली प्रसिद्ध झाला. आपल्या दिंड्या त्यातून सुटलेल्या नाहीत.

पण प्रत्येक विसराळूपणा म्हणजे तोच रोग, असेही धरू नका. बी-बारा जीवनसत्त्व कमी पडते, थायरॉइड बिघडते, मोतीबिंदू पिकतो, जोडीदार गेल्यावर मन खचते. यांवर इलाज आहेत. आणि कालपर्यंत नीट असलेला माणूस एका रात्रीत बरळू लागला, माणसे ओळखेना, तर भगताकडे धावू नका. लघवीतला जंतुसंसर्ग किंवा रक्तातले सोडियम उतरणे एवढ्यानेही असे होते. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. अंगारा कपाळाला नंतरही लावता येतो. एकादशीचेही तसेच. मधुमेहाची गोळी पोटात आणि वर निर्जळी उपास, याने साखर उतरून म्हातारा घामाघूम होऊन पडतो. उपास कसा करायचा ते आधी डॉक्टरांना विचारा.

आता घरातली गोष्ट. मुलगा पहाटेच्या कर्जत लोकलने मुंबईला जातो, रात्री परततो. खोपोलीकडे रात्रपाळी करणारा दिवसभर झोपलेला. मुलगी बदलापूरहून फोन करते, आणि फोनवर पाच मिनिटे आई ठणठणीत असते. "मला काही नको गं, तुम्ही सुखात राहा," एवढे बोलायला फार शक्ती लागत नाही. मग खरे कोणाला कळते? सुनेला. उष्टे ताट ती उचलते, ओले अंथरूण ती धुते. पण ती बोलली की घर म्हणते, "सासू जड झाली का तुला?" आमच्यातलेही काही बुवा सुनेवर विनोद करून टाळ्या घेतात. वाचकहो, त्या टाळ्या तुमच्याच असतात. तिचे तोंड असे बंद केले, की घरात बघणारे माणूसच उरत नाही.

आणि वारी. "बाबांना माउली सांभाळील" म्हणून चालता न येणाऱ्या म्हाताऱ्याला एकटे ठेवून जे दिंडीत निघतात, त्यांना पुंडलिक कळला असे मी म्हणणार नाही. आषाढात आपला पाऊस कसा असतो ते तुम्हाला सांगायला नको. अंगणात शेवाळ, न्हाणीत निसरडे, रात्री दिवे गेलेले. एकदा खुब्याचे हाड मोडले की पुष्कळ म्हातारे पुन्हा पहिल्यासारखे चालत नाहीत. आधी न्हाणीत धरायला दांडी बसवा, सोबतीला माणूस ठेवा, मग खुशाल पताका घ्या. हे जमत नसेल त्या वर्षी साजगावचा विठोबा आहेच. आपल्या मुलखात त्याला धाकटी पंढरी म्हणतात. कार्तिकीच्या यात्रेला बाबांना हाताला धरून तिथे न्या, आणि वाटेत नीट पाहा. पायरी दिसते का, गर्दीत घाबरतात का, आपली चप्पल ओळखतात का. घरात सहा महिन्यांत न कळलेले त्या एका दुपारी कळेल.

खर्चाची सबब सांगू नका. सत्तरी ओलांडलेल्यांना आयुष्मान योजनेत कुटुंबामागे वर्षाला 5 लाखांपर्यंतच्या रुग्णालयातल्या उपचारांचे कार्ड मिळते, मिळकतीची अट नाही. 14567 हा ज्येष्ठांच्या मदतीचा फोन आहे. 2007 च्या कायद्याने आईबाप मुलांकडून पोटगी मागू शकतात. असा कायदा करावा लागला, यावर एकदा सप्ताहात बोलायला हवे.

आबांना दवाखान्यात न्यायचे तर चारचौघांत "तुम्ही विसरता हल्ली" म्हणू नका. ते हट्टाला पेटतील. "मला रक्त तपासायचंय, सोबत चला," म्हणा, आणि तुमचेही तपासून घ्या. आणि सुनेला बरोबर न्या. डॉक्टर जे विचारतील त्यातले निम्मे फक्त तिलाच ठाऊक असेल.