इंग्रजी शिकवायला आले, मराठी शिकले

मिशनरी हा शब्द निघाला की आपल्याकडे दोनच सूर लागतात. एक म्हणतो, त्यांनी शाळा काढल्या म्हणून आम्ही शहाणे झालो. दुसरा म्हणतो, शाळा हे निमित्त, बाटवणे हाच हेतू. दोन्ही सुरांत थोडे थोडे तथ्य आहे. पण इंग्रजीचा पेपर जवळ आला की ज्यांची झोप उडते, अशा आम्हा कला शाखेच्या विद्यार्थ्यांच्या कामाचे त्यांत काही नाही. मला या माणसांविषयी वेगळाच प्रश्न पडतो. परक्या मुलखात येऊन शिकवणारा हा मास्तर सकाळी उठून आधी काय करीत होता?

उत्तर मजेशीर आहे. तो शिकायला बसत होता. विल्यम कॅरे महाराष्ट्रात कधी राहिला नाही. पण कलकत्त्यास फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवता यावी म्हणून वैजनाथ पंडितांच्या मदतीने ती शिकला आणि १८०५ साली मराठीचे व्याकरण छापून मोकळा झाला. १८१३ च्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोघे अमेरिकन मुंबईस उतरले. कंपनी सरकारने प्रथम त्यांना परत जाण्याचा हुकूम दिला. हॉल तरीही राहिला, मराठी शिकला, रस्त्यात आणि बाजारात मराठीतून बोलू लागला. १८२६ साली नाशिककडून परतताना वाटेतच पटकीने त्याचा अंत झाला. दरबारी थाटात राहणाऱ्या साहेबाचे हे आयुष्य नव्हे.

सिंथिया फरार या बाईंचे उदाहरण मला याहून मोठे वाटते. त्या १८२७ साली अविवाहित आणि एकट्या मुंबईस आल्या. पुढे अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) गेल्या आणि १८६२ मध्ये तेथेच वारल्या. मध्ये एकदा मायदेशी जाऊन आल्या तेवढेच. त्यांचा दिनक्रम डोळ्यांपुढे आणून पाहा. मुलींनी शिकणे म्हणजे घराण्याला काळिमा, असे मानणाऱ्या लोकांच्या वस्तीत जायचे. आयांची समजूत घालायची. जमवलेली पोर चार अक्षरे शिकते न शिकते तोच तिचे लग्न होऊन ती सासरी गेलेली पाहायची. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या अक्षरापासून सुरुवात करायची. हे सारे काम मराठीतून चाले. जोतीरावांनी अहमदनगरची ही मुलींची शाळा पाहिली आणि सावित्रीबाईंनी शिकवण्याचे धडे फरारबाईंकडे घेतले. १८४८ साली पुण्यात निघालेल्या फुल्यांच्या मुलींच्या शाळेमागे हाही एक धागा आहे.

आता दुसरी बाजू. ही मंडळी धर्मप्रसारासाठी आली होती आणि त्यांनी ते कधी लपवले नाही. १८३९ साली डॉ. जॉन विल्सन यांच्या मुंबईतील शाळेतल्या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पालकांनी मुले भराभर काढून घेतली. १८४३ मध्ये नारायण शेषाद्रींच्या धर्मांतरानंतर त्यांच्या धाकट्या भावाचे, श्रीपतीचे प्रकरण थेट कोर्टात गेले. पालकांना हवी होती इंग्रजी, कारण तिच्यामागे नोकरी होती. मिशनला हवे होते मन. इंग्रजी हा दोघांमधला सौदा होता आणि दोघेही एकमेकांना ओळखून होते. अमेरिकन मिशनच्या वरिष्ठांना तर पुढे हा सौदाच नकोसा झाला. १८५४-५५ साली त्यांचे शिष्टमंडळ हिंदुस्थानात येऊन गेले आणि इंग्रजी शाळांना कात्री लावून देशी भाषांवर भर देण्याचे धोरण ठरले. म्हणून माझे मत असे की, त्यांच्या हेतूपुढे मान तुकवण्याचे कारण नाही. त्यांची रीत मात्र उचलण्यासारखी आहे.

आपल्या मराठवाड्यात हे वारे फारसे पोहोचले नाही. हेच नारायण शेषाद्री पुढे रेव्हरंड होऊन निजामाच्या राज्यात जालन्याजवळ बेथेल वसवून राहिले, हा एक ठळक अपवाद. एरवी १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत आपल्याकडे कचेरीची भाषा उर्दू होती. आमच्या आजोबांच्या पिढीला शाळेत उर्दू, घरी मराठी. इंग्रजी तर दूरचीच पाहुणी. मुंबई-पुण्याची मुले चार पिढ्या जी भाषा ऐकत आली, ती आमच्या वर्गात प्रथमच उंबरा ओलांडते आहे. हा उशीर आमच्या बुद्धीचा दोष नव्हे, इतिहासाचा भाग आहे.

आणि आज त्या पाहुणीचे स्वागत आम्ही कसे करतो? लातूरच्या रस्त्यांवर महिनाभरात फाडफाड इंग्रजीची हमी देणाऱ्या पाट्या झळकतात. वर्गात धडा वाचला जातो, परीक्षेपुरते गाइड पाठ होते, पेपर सुटतो. भाषा मात्र जिथल्या तिथे. शिकवणाऱ्याला वाटते, मराठीतून समजावले तर इंग्रजीची पातळी घसरेल. शिकणाऱ्याला वाटते, प्रश्न विचारला तर आपली पातळी उघडी पडेल. दोघेही गप्प! औसा, निलंगा, अहमदपूरच्या खेड्यांतून एस.टी.ने येणारी मुलगी तीन वर्षे मागच्या बाकावर बसते आणि एकही इंग्रजी वाक्य मोठ्याने न बोलता पदवीधर होते. तिच्या पदवीची किंमत मुलाखतीच्या पहिल्या पाच मिनिटांत ठरते. हे नुकसान कोणाच्या खाती मांडायचे?

माझे म्हणणे एवढेच, की दुसऱ्याला भाषा शिकवायची तर आधी त्याच्या भाषेत शिरावे लागते. महासागर ओलांडून आलेल्या माणसांना हे कळले होते. आमच्या गुरुजनांना तर मराठी शिकायला पंडित ठेवण्याचीही गरज नाही. ती त्यांच्या घरचीच आहे. आमच्या बोलीतला एखादा शब्द घेऊन त्याला इंग्रजीत काय म्हणतात, इथून तास सुरू झाला तर बिघडेल काय? आणि मित्रहो, आपलेही एक काम आहे. हॉलसारख्यांनी परकी भाषा भर बाजारात, चुकतमाकत आणि लोकांच्या हसण्याला न भिता उचलली. आपल्याला बाजारात जायचे नाही, फक्त वर्गात उभे राहायचे आहे. कोणी हसले तर हसू द्यावे. जो हसतो, त्याचेही व्याकरण एकदा तपासून पाहावे!