आपल्या गावात वीस माणसे जमवा

तालुक्याच्या गावात नवा दवाखाना थाटलेल्या डॉक्टरांनो, कोर्टासमोर टेबल मांडून बसलेल्या वकिलांनो, कृषी सेवा केंद्र चालवणाऱ्या, गॅरेज काढलेल्या, शाळेत शिकवणाऱ्या माझ्या बंधू-भगिनींनो, एक प्रश्न स्वतःला विचारा. दहा-दहा वर्षे एका बाजारपेठेत काढूनही गिऱ्हाईक, पुरवठादार आणि नातेवाईक वगळता आपण किती जणांना नावानिशी ओळखतो? रात्री शटर ओढायचे आणि सरळ घर गाठायचे, यात आपले नुकसान आहे. त्याहून मोठे नुकसान गावाचे आहे.

पॉल हॅरिस नावाचा तरुण वकील १८९६ साली शिकागोत आला. व्हरमाँटमधल्या वॉलिंगफर्ड या छोट्या गावात तो आजी-आजोबांच्या हाताखाली वाढलेला. महानगरात अशिलं मिळाली, पण मनातले बोलायला माणूस मिळेना. अखेर २३ फेब्रुवारी १९०५ च्या संध्याकाळी चार जण एका ऑफिसात एकत्र बसले. हॅरिस वकील, गस्टाव्हस लोअर खाणींचा इंजिनिअर, सिल्व्हेस्टर शील कोळशाचा व्यापारी आणि हायरम शोरी शिंपी. रोटरी क्लबची पहिली बैठक ती हीच. त्यांनी ठरवले की एका धंद्याचा एकच सभासद घ्यायचा. आज हा नियम सैल झाला आहे, पण त्यातले शहाणपण ओळखा. टेबलाभोवती दोन शिंपी नसले की स्पर्धा उरत नाही, मत्सर उरत नाही, आणि प्रत्येकाला शेजाऱ्याकडून काहीतरी शिकण्यासारखे उरते.

संघटना आपल्याला नवी नाही. कोकणातून गिरणगावात आलेल्या आपल्या आजोबा-पणजोबांना गावमंडळाच्या खोलीने पाठ टेकायला जागा दिली, गाववाल्याने गिरणीत चिकटवले. जहाजांवर चाकरीला जाणाऱ्या गोवेकरांसाठी गावोगावचे कूड मुंबईत धोबी तलावच्या आसपास उभे राहिले. दोन सफरींच्या मधल्या काळात तिथे मुक्काम, संध्याकाळी प्रार्थना आणि पुढच्या जहाजाची खबर. या संस्थांचे ऋण मी मोठे मानतो. पण त्यांची मर्यादाही स्पष्ट होती. तिथे सगळे एकाच गावचे, बहुधा एकाच जातीचे, एकाच धंद्यातले. गिरण्या बंद पडल्या तेव्हा अख्खी खोली एकदम बेकार झाली, कारण गिरणीपलीकडची वाट दाखवणारा तिथे कोणी नव्हता.

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये नेमके हेच दाखवून दिले. बोस्टनजवळच्या न्यूटनमध्ये ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्याने विचारले, की ज्याने ही खबर दिली तो तुम्हाला कितीदा भेटत असे? बहुतेकांचे उत्तर आले: अधूनमधून, किंवा क्वचितच. जिवलग मित्राला आपल्याइतकेच माहीत असते. नवी बातमी आणतो तो वेगळ्या वर्तुळातला माणूस. कर्जाच्या कागदात काय अडले ते बँकवाला सांगतो, जीएसटीची नोटीस कशी वाचायची ते सीए सांगतो, पोराला कुठल्या शाखेला घालावे ते प्राध्यापक सांगतो. आणि क्लबात हे सगळे नेमाने एकाच छताखाली भेटतात.

मात्र निव्वळ धंदा वाढवायला जाल तर हात हलवत परत याल. शिकागोचे पहिले सभासद एकमेकांना किती व्यवसाय दिला याची चक्क नोंद ठेवत. १९०६ मध्ये डॉनल्ड कार्टर नावाच्या वकिलाला सभासदत्वाचे आमंत्रण गेले, तेव्हा त्याने तोंडावर सांगितले की केवळ स्वतःपुरते पाहणारी संस्था टिकणार नाही. त्याचे ऐकले गेले, शहराची सेवा हे क्लबचे उद्दिष्ट ठरले, आणि कार्टर सभासद झाला. पुढे कामाला लागल्यावर हा क्लब शिकागोत सार्वजनिक स्वच्छतागृह मिळवण्यासाठी झटला. स्वच्छतागृहाला कमी लेखू नका. आपल्या किती बाजारपेठांत बायकांसाठी ते आजही नाही!

सेवेच्या त्याच वाटेने चालत रोटरीची मंडळी १९८५ मध्ये पोलिओच्या मागे लागली. २००९ मध्ये जगातल्या एकूण पोलिओरुग्णांपैकी जवळपास निम्मे भारतात होते. सरकारी यंत्रणा, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या बरोबरीने रोटरीचे दुकानदार आणि डॉक्टर लसीकरणाच्या बूथवर उभे राहिले, घरोघर फिरले. भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला हावड्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ ला देश पोलिओमुक्त ठरला. एका औषधविक्रेत्याने एकट्याने ठरवून हे झाले असते का?

आणि त्या औषधविक्रेत्याला काय मिळते ते पाहा. क्लबचा अध्यक्ष दरवर्षी १ जुलैला बदलतो. सचिव, खजिनदार, समितीप्रमुख, सगळ्यांची पाळी येते. ज्याने आयुष्यात माईक हातात धरला नाही तो पदग्रहणात बोलतो. जिने फक्त घरचा हिशेब ठेवला ती रक्तदान शिबिराचे अंदाजपत्रक मांडते, इतिवृत्त लिहिते, तहसीलदारांकडून परवानगी आणते. माणसे सांभाळण्याचे हे शिक्षण पगारी नोकरीत वीस वर्षांनी मिळते, ते इथे तिशीत मिळते.

या क्लबांचे दोषही मी लपवणार नाही. रोटरीने १९८९ पर्यंत स्त्रियांना दार बंद ठेवले. कॅलिफोर्नियातल्या ड्युआर्टे क्लबने १९७७ मध्ये तीन स्त्रियांना घेतले म्हणून त्याची सनद काढून घेतली गेली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये निकाल दिला तेव्हा भिंत हलली. आपल्याकडेही कित्येक गावांत क्लब म्हणजे पेठेतल्या चार जुन्या घराण्यांची बैठक होऊन बसली आहे. म्हणून बाहेर उभे राहून नाके मुरडणार असाल तर ती बैठक तशीच राहील. आत जा. वर्गणी भरा, बैठक चुकवू नका, कष्टाचे काम मागून घ्या आणि पुढच्या वर्षी वाड्यावस्तीवरच्या पहिल्या पदवीधर मुलीचे नाव तुम्हीच सुचवा.

रोटरीच हवी असा माझा हट्ट नाही. लायन्स आहे, जेसीज आहे, अठरा वर्षांवरील तरुणांसाठी रोटरॅक्ट आहे. ओळखीच्या सभासदाला आजच सांगा की मला यायचे आहे. आमंत्रणाची वाट पाहत पाच वर्षे घालवू नका. आणि गावात काहीच नसेल तर नवा क्लब काढा. रोटरीच्या नव्या क्लबला सनद मिळायला वीस सभासद पुरतात. एक डॉक्टर, एक पशुवैद्य, एक वकील, एक बियाणेवाला, एक सुतार, एक ब्युटी पार्लर चालवणारी, एक मुख्याध्यापिका, एक ट्रॅक्टरचा मेकॅनिक, एक दूध संकलनवाला. नऊ नावे इथेच झाली. उरलेली अकरा आज रात्री कागदावर उतरवा, वेगवेगळ्या आळींतली, आणि उद्या सकाळी पहिल्या दुकानाची पायरी चढा.