दुखापत छावणीत, कारणे गावात

अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत उजाडण्यापूर्वीच डांबरी रस्त्यांवर धावणारी मुले दिसू लागतात. कापूस आणि सोयाबीनच्या शेतीवर भरवसा उरलेला नाही, कारखाने मोजकेच. तेव्हा सैन्य किंवा पोलीस भरती हाच शेतकरी-शेतमजुरांच्या मुलांपुढील एक मार्ग राहतो. सैन्यभरतीत 1.6 किलोमीटरची धाव निर्णायक ठरते. ती जिंकलेल्या मुलाच्या शरीराचे पुढे काय होते, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

सैनिकाची जखम म्हटली की रणांगण डोळ्यांपुढे येते. वास्तविक शांततेच्या काळात जवान जायबंदी होतो तो बहुधा प्रशिक्षणात, खेळात वा रस्त्यावरील अपघातात. प्रशियन सैन्यातील वैद्य ब्राइटहाउप्ट यांनी 1855 मध्येच कूच करणाऱ्या शिपायांच्या सुजलेल्या पायांची नोंद केली होती. ही सूज म्हणजे हाडांना गेलेले तडे होत, हे 1897 मध्ये क्ष-किरणांनी सिद्ध झाले. ताण अचानक वाढला आणि हाडाला सावरण्यास अवधी मिळाला नाही, की ते तडकते. पुढील संशोधनातून असे दिसले की ज्याचा दम कमी, ज्याला पूर्वी दुखापत झालेली, जो धूम्रपान करतो, असा नवशिका जवान अधिक वेळा जखमी होतो.

यावरून सोयीचा निष्कर्ष काढला जातो: सवयी वाईट, म्हणजे दोष जवानाचा. परंतु सवयी आभाळातून पडत नाहीत. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रातील 24.4 टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू घेत होते. धूम्रपान करणारे केवळ 3.8 टक्के होते. राज्यात गुटख्यावर 2012 मध्ये बंदी आली, तरी वऱ्हाडात पानठेल्यावर खर्रा घोटला जातोच. अर्धपोटी राबणारा मजूर भूक मारण्यासाठी तो तोंडात टाकतो आणि मुलगा बापाचे पाहून शिकतो. दम आणि हाडे यांचाही पाया बालपणीच्या दूध-डाळीत असतो. ज्या अमरावती जिल्ह्यात मेळघाटचे कुपोषण दशकानुदशके गाजत राहिले, तेथे हे वेगळे सांगावयास नको.

याच अमरावतीत 1914 मध्ये श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन झाले आणि 1936 मध्ये त्याच्या पथकाने बर्लिनला भारतीय व्यायामप्रकार दाखविले. अशा परंपरेच्या प्रदेशात खेड्यातील मुलाला धावण्यासाठी मातीचे मैदान न मिळता वाहनांच्या रस्त्यावर उतरावे लागते, ही खेदाची गोष्ट आहे.

जून 2022 मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेने प्रश्न अधिक बिकट केला. चार वर्षांनंतर जास्तीत जास्त 25 टक्के अग्निवीर कायम होतात. उरलेल्यांना निवृत्तिवेतन नाही. अशा स्पर्धेत दुखणे सांगण्यापेक्षा लपविणेच जवानाला हिताचे वाटते आणि किरकोळ तडा मोठा होतो. सेवेमुळे आलेल्या अपंगत्वासाठी 50, 75 आणि 100 टक्के अशा पायऱ्यांवर एकरकमी मदत आहे. पण पायाची जुनी कळ घेऊन गावी परतलेल्याच्या बुडालेल्या मजुरीचा हिशेब कोणत्या पायरीवर करावयाचा? अर्थशास्त्राच्या भाषेत, संरक्षणखर्चाचा हा भाग शासनाच्या खात्यावरून शेतमजुराच्या घरावर ढकलला गेला आहे.

उपाय अवघड नाहीत. 1990 च्या दशकात ऑस्ट्रेलियाच्या सैन्याने नवशिक्यांचे धावण्याचे अंतर घटविले, तेव्हा दुखापती कमी झाल्या. येथे प्रत्येक मोठ्या गावात मैदान, शाळेत मुलांच्याही रक्ताची तपासणी आणि पोटभर आहार, छावणीत दुखणे सांगणाऱ्यास संरक्षण, आणि दुखापतीने परतलेल्यास निवृत्तिवेतन, या मागण्या ग्रामसभेपासून लोकसभेपर्यंत नेल्या पाहिजेत. कार्यकर्त्यांनी आपल्या तालुक्यातून दुखापत घेऊन परतलेल्या जवानांची यादी करण्यापासून आरंभ करावा. जवानाचा जयजयकार करणाऱ्या समाजाने त्याच्या गुडघ्याचीही चौकशी करावी, एवढीच अपेक्षा आहे.