विश्लेषण : शंभरच्या पाटीखाली १०५ चालते का? वेगमर्यादेतील ‘सवलत’ नेमकी किती?

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर जुलै २०२४ पासून कमानींवरचे कॅमेरे वेग मोजू लागले आणि एक जुना प्रश्न नव्याने चर्चेत आला. मर्यादा १०० असेल तर दंड १०१ ला लागतो, १०५ ला की ११० ला? ‘दहा टक्के सोडतात’ असे कुणी ठामपणे सांगतो, तर कुणाला १०३ ला चलन आल्याचे ऐकून माहीत असते. जुलै २०२५ मध्ये राज्यातील मालवाहतूकदारांनी ई-चलनांविरोधात संप पुकारला, त्यामागेही दंड कसा आणि कशाच्या आधारे लागतो याबद्दलची नाराजी होती. कायदा, वेग मोजणारी यंत्रे आणि इतर देशांतील पद्धत पाहिल्यास या प्रश्नाचे उत्तर बरेच स्पष्ट होते.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ११२ सरळ आहे. ठरवून दिलेल्या कमाल वेगापेक्षा जास्त वेगाने वाहन चालवता येणार नाही. ‘थोडे जास्त चालेल’ असा शब्द त्यात नाही. कमाल मर्यादा केंद्र ठरवते. त्याखालची मर्यादा राज्य सरकार विशिष्ट रस्त्यासाठी लागू करू शकते. म्हणूनच समृद्धी महामार्गावर मोटारीला १२०, पुणे द्रुतगती मार्गावर १०० आणि त्याच मार्गावरील बोरघाटात त्याहून बरीच कमी मर्यादा आहे.

कलम १८३ मध्ये दंड आहे. २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी पहिल्या गुन्ह्याला तो ४०० रुपयांपर्यंत होता. आता हलक्या वाहनाला १,००० ते २,००० आणि मध्यम व अवजड वाहनांना २,००० ते ४,००० रुपये आहे. यातली खरी अडचण अशी की हा दंड वाहनाच्या प्रकारानुसार बदलतो, वेग किती ओलांडला त्यानुसार नाही. १०६ ने जाणारा आणि १५० ने जाणारा या कलमाखाली एकाच रांगेत उभे राहतात. दुसऱ्यावर धोकादायक वाहन चालवल्याचे कलम १८४ लावता येते, पण कॅमेऱ्याच्या चलनात तसे क्वचितच होते. दंडाला पायऱ्याच नसल्याने दंड सुरू कुठून होतो, या आकड्याला आपल्याकडे अवाजवी महत्त्व आले आहे.

मग ‘पाच टक्के’ कुठून आले?

केंद्राने एप्रिल २०१८ मध्ये मोटारींची कमाल मर्यादा वाढवली. प्रवेश-नियंत्रित द्रुतगती मार्गांवर ती १२०, तर दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यांवर १०० झाली. त्या वेळी मर्यादेपेक्षा पाच टक्क्यांपर्यंत जास्त वेगावर कारवाई होणार नाही, असेही सांगण्यात आले होते. ‘१२० ला १२६ चालते’ या समजाचे मूळ तिथे आहे. मात्र ही अधिसूचना मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये रद्द ठरवली आणि २०१४ च्या कमी मर्यादांकडे परत जाण्यास सांगितले. वेग वाढवला की अपघात वाढतात, हे न्यायालयाच्या म्हणण्याचे सार होते. त्यामुळे त्या पाच टक्क्यांवर हक्क म्हणून बोट ठेवणे वाहनचालकासाठी शहाणपणाचे नाही.

शिवाय आपल्याकडची खरी सवलत कागदावर कधी नव्हतीच. ती रस्त्याच्या कडेला, स्पीड गन हातात घेतलेल्या हवालदाराशी होणाऱ्या बोलण्यात होती. ‘साहेब, थोडंच जास्त होतं’ म्हणण्याची सोय होती आणि त्याच सोयीतून चिरीमिरीही चालत होती. कॅमेरा आल्यावर दोन्ही बंद झाले. लोकांना जो जाच वाटतो आहे त्यातला बराच भाग या बदलाचा आहे.

इतर देशांत काय पद्धत आहे?

ब्रिटनमध्ये पोलीसप्रमुखांच्या परिषदेची मार्गदर्शक सूचना आहे : मर्यादेच्या दहा टक्के अधिक दोन मैल. म्हणजे ताशी ३० मैलांच्या (सुमारे ४८ किमी) रस्त्यावर ३५ मैलांपासून, तर ७० मैलांच्या (सुमारे ११३ किमी) मोटरवेवर ७९ मैलांपासून कारवाई सुरू होते. त्यात पायऱ्याही आहेत. थोडक्यात सुटलेल्याला दंडाऐवजी वेगाचे धोके सांगणारा वर्ग करण्याची मुभा मिळते, फार पुढे गेलेल्याला थेट न्यायालयात जावे लागते. पण ही सूचना आहे, कायदा नव्हे. पोलीस ३१ मैलांनाही कारवाई करू शकतात. लंडनच्या पोलिसांनी २०१९ मध्ये आपली सवलत एक मैलाने घटवली आणि त्याचा गाजावाजा केला नाही.

जर्मनीत विचारच वेगळा आहे. तिथे सवलत चालकाला नसते, ती यंत्राच्या चुकीसाठी असते. स्थिर यंत्राने मोजलेला वेग १०० च्या आत असेल तर ३ किमी आणि त्यापुढे ३ टक्के वजा केले जातात, आणि उरलेल्या वेगावर दंड लागतो. फ्रान्समध्ये स्थिर कॅमेऱ्यांसाठी हेच प्रमाण ५ किमी किंवा ५ टक्के आहे. दंडाच्या कागदावर मोजलेला आणि वजावटीनंतरचा, असे दोन्ही वेग छापलेले असतात. वाद घालायला जागाच उरत नाही. महाराष्ट्राने उचलावी अशी हीच पद्धत आहे, ब्रिटनची नव्हे. ब्रिटिश सूत्र जाहीर झाल्यामुळे तिथे अनेकांसाठी ७० ची पाटी व्यवहारात ७८ ची झाली आहे.

गाडीचा काटा खरे बोलतो का?

बहुतेकांना माहीत नसलेली सवलत स्वतःच्या डॅशबोर्डवरच असते. संयुक्त राष्ट्रांच्या नियमावलीनुसार स्पीडोमीटरने प्रत्यक्षापेक्षा कमी वेग कधीही दाखवता कामा नये. जास्त दाखवला तर चालतो, तोही दहा टक्के अधिक ४ किमीपर्यंत. म्हणजे गाडी खरोखर १०० ने धावत असताना काटा ११४ वर असला तरी तो नियमात बसतो. त्यामुळे कंपन्या काटा मुद्दाम थोडा पुढे ठेवतात. काट्यावर १०५ दिसत असताना मोबाइलच्या जीपीएसवर १०० किंवा १०१ दिसणे ही रोजची गोष्ट आहे. ‘मी १०५ ने गेलो, काही झाले नाही’ या अनुभवामागे बहुधा हेच कारण असते. सरकारने सोडलेले नसते.

उलटही घडते. हौसेने मोठे टायर बसवले की चाकाचा परीघ वाढतो आणि काटा खऱ्या वेगाच्या मागे राहू लागतो. अशा गाडीचा मालक काट्यावर ९८ पाहून निर्धास्त असतो आणि घरी चलन येते.

कॅमेऱ्यापुरता वेग कमी केला तर?

द्रुतगती मार्गावर दोन कमानींमधील सरासरी वेगही मोजला जातो. २० किमी अंतर मर्यादेत राहून कापायला १२ मिनिटे लागतात. गाडी ११ मिनिटांत पोहोचली तर सरासरी १०९ होते, मग कमानीखाली वेग ८० असला तरी उपयोग नाही. इथे यंत्राच्या चुकीला फार वाव नसतो, कारण फक्त अंतर आणि वेळ लागते. आणि सरासरी १०९ असेल तर मधे कुठेतरी वेग त्याहून जास्तच असणार.

शिवाय मिळते ते किती? घाट वगळून ८० किमी धरले, तर १०० ऐवजी ११० ने गेल्यास साडेचार मिनिटेही वाचत नाहीत. तळेगावच्या टोलनाक्यावर ती सहज जातात. गाडीची गतिज ऊर्जा मात्र २१ टक्क्यांनी वाढते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते रस्त्यावरील सरासरी वेग एक टक्क्याने वाढला तरी जीवघेण्या अपघाताचा धोका चार टक्क्यांनी वाढतो. देशात २०२२ मध्ये रस्त्यांवर १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला आणि त्यातील ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या खात्यात नोंदले गेले. ही नोंद पोलिसांच्या पंचनाम्यातून येते आणि कारण उमगले नाही की ‘भरधाव’ लिहिण्याची सवय जुनी आहे, त्यामुळे तो टक्का जसाच्या तसा घेऊ नये. तरीही तो निम्म्यावर आणला तरी आकडा भयंकरच आहे.

चलन चुकीचे वाटले तर?

कलम १८३ मध्येच एक संरक्षण आहे. ‘गाडी वेगात होती असे मला वाटले’ एवढ्या साक्षीवर कुणाला दोषी ठरवता येत नाही, त्या मताला यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक उपकरणाच्या मोजणीचा आधार लागतो. ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या नियम १६७-अ नुसार अशा उपकरणाला राज्याने नेमलेल्या यंत्रणेचे प्रमाणपत्र हवे आणि त्याचे दरवर्षी नूतनीकरण हवे. कॅमेरे असल्याचे सांगणारे फलक ठळकपणे लावायला हवेत. छायाचित्रात नंबरप्लेट दिसली पाहिजे, मोजलेला वेग, तारीख, वेळ व ठिकाण नोंदलेले असले पाहिजे आणि सूचना १५ दिवसांत मिळाली पाहिजे. महाट्रॅफिक अ‍ॅपवर चलनाचे छायाचित्र पाहता येते आणि तिथेच तक्रारही नोंदवता येते. दंड भरण्याआधी छायाचित्रातील गाडी आपलीच आहे ना, त्या ठिकाणची मर्यादा आणि उपकरणाचा आकडा काय आहे, एवढे तपासून घ्यावे. एकदा रक्कम भरली की हरकतीला फारसा अर्थ उरत नाही.