वजन घटविण्याची औषधे आणि आपली घरे

वजन उतरविण्याचे इंजेक्शन हा आता पेढीवर आणि लग्नाच्या पंगतीतही चर्चेचा विषय झाला आहे. २०२५ च्या मार्चमध्ये ‘मौंजारो’ व जूनमध्ये ‘वेगोव्ही’ भारतात आल्यापासून तर फारच. या औषधांची निंदा करण्याचा माझा हेतू नाही. गादीवर बसून व्यापार करणाऱ्या आपल्या समाजात स्थूलत्व व मधुमेह घरोघरी आहेत, आणि वेगोव्हीतील सेमाग्लुटाइड ६८ आठवडे घेणाऱ्यांचे वजन सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास घटल्याचे २०२१ साली प्रसिद्ध झाले आहे. मात्र औषध थांबविल्यावर वर्षभरात त्यातील दोन-तृतीयांश वजन परत आले, हेही पुढच्याच वर्षी नमूद झाले. तेव्हा चार महिन्यांवर मुलीचे लग्न आहे म्हणून घ्यावयाची ही वस्तू नव्हे.

माझा आक्षेप आहे तो डॉक्टरांना वगळून चाललेल्या व्यवहारावर. सेमाग्लुटाइडची मात्रा आठवड्यास ०.२५ मिलिग्रॅमपासून आरंभून दर चार आठवड्यांनी वाढवावयाची असते. घाई केल्यास मळमळ, वांती, जुलाब वा बद्धकोष्ठ अधिक छळतात. पित्ताशयात खडे होऊ शकतात. पोटात असह्य वेदना उठून पाठीकडे जात असतील, तर स्वादुपिंडाला सूज आली असण्याचा संभव असतो; तेव्हा घरगुती काढा करीत न बसता रुग्णालय गाठावे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असणाऱ्यांची साखर एकाएकी उतरू शकते. नवविवाहितांनी तर हे विशेष ध्यानी घ्यावे, की गर्भधारणेच्या निदान दोन महिने आधी सेमाग्लुटाइड बंद करावे लागते. लग्नापूर्वी सुई सुरू करून देणाऱ्या किती आयांना हे कोणी सांगितले असेल? दोघी जावांनी एकच पेन वापरणे, सुई बदलली तरी, रक्तातून पसरणाऱ्या रोगांना आमंत्रण आहे.

आपल्या घरांत याहून निराळा प्रश्न उपवासाचा. वांती-जुलाबाने शरीरातील पाणी आटलेले असता पर्युषणात निर्जळी उपवास केल्यास मूत्रपिंडांवर आघात होऊ शकतो. पर्वापूर्वीच डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावे. त्यात धर्माला कमीपणा नाही. भूक मंदावली की चरबीबरोबर स्नायूही झडतात, म्हणून ताटात डाळी, कडधान्ये, दूध हवेच. (धान्याचा व्यापारी डाळीच सांगणार, असे कोणी म्हणेल, म्हणोत.)

‘आयुर्वेदिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बिनबिलाच्या भुकट्यांपासून अधिक दूर राहावे. हृदयास घातक म्हणून सिब्युट्रामिन या द्रव्यावर आपल्या देशात २०११ साली बंदी आली. तरीही अशा भुकट्यांत ते चोरून मिसळलेले वेळोवेळी सापडले आहे. मूठभर माल हातावर घेऊन पाहिल्याशिवाय आपण गव्हाचे एक पोते उचलीत नाही, आणि पोटात जाणारे औषध मात्र ओळखीच्या माणसाच्या शब्दावर घेतो!

औषधविक्रेत्या सभासद बंधूंना विनंती एवढीच, की चिठ्ठीवाचून हे इंजेक्शन नात्यागोत्यातही देऊ नये, आणि न वापरलेले पेन २ ते ८ अंश तापमानात ठेवावयाचे असते, ते साध्या पिशवीतून बसने गावी धाडू नये.